तिसऱ्या भेटीची लाल खूण

“ते सगळं खरं, पण आलेल्या माणसाची सही कुठं घ्यायची?” वाळवेकर सरांनी विचारलं, आणि तोंडात भडंग असताना मला हसू आलं.

रविवारची सकाळ होती. सांगलीच्या गावभागात आमच्या समाजाचं वधू-वर सूचक मंडळ आहे, त्याच्या कार्यालयात कार्यकारिणीची बैठक चालली होती. मंडळाची वेबसाइट मीच चार महिन्यांपूर्वी करून दिली होती आणि आता त्यांना प्रश्न पडला होता की तिच्यावर येतं कोण. याला बारा वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, विश्रामबागेत एका लहानशा गाळ्यात ‘शलाका वेब सर्व्हिसेस’ अशी पाटी लावून बसले होते, आणि जगातलं सगळं मला येतं अशी माझी पक्की समजूत होती.

“सर, वेबसाइटवर सही नसते,” मी म्हणाले.

“मग कळणार कसं कोण येऊन गेलं ते?”

सरांचं त्यांच्या परीनं बरोबर होतं. ते मंडळाचे चिटणीस. त्याआधी हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे, आठवीत मलाही होते. मंडळाच्या दारातच एक भेटवही ठेवलेली असायची. स्थळं बघायला येणाऱ्यानं तिच्यात नाव, गाव, कोणाची कोण आणि कुठल्या नंबरचं स्थळ पाहिलं एवढं लिहून सही करायची. सर रोज संध्याकाळी ती वही चाळायचे. एकाच माणसानं एकच स्थळ तिसऱ्यांदा पाहिलं असलं की त्या ओळीपुढे लाल पेन्सिलीनं खूण करायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या घरच्या वडीलधाऱ्याला फोन लावायचे. “माणसं लाजतात,” ते सांगायचे. “तीनतीनदा येऊन बघतात आणि तोंड उघडत नाहीत. कुणीतरी पुढं व्हायला लागतं.” त्या लाल खुणांतून दोनशेच्या वर लग्नं जमली होती. माझ्या मावसबहिणीचंही त्यातलंच.

मी प्रोजेक्टर सरळ केला. “यासाठी टूल्स असतात, सर. मी तीन निवडून आणलीत. पहिलं फुकट आहे, पुष्कळ लोक तसलंच वापरतात. किती जण आले, कुठल्या गावातून आले, मोबाइलवरून का कॉम्प्युटरवरून, ते सांगतं. पण ती माहिती आपल्याकडं राहत नाही, बाहेरच्या कंपनीकडं जाते. दुसरं अगदी साधं आहे. आपल्याच वेबसाइटच्या जागेत बसतं आणि नुसतं मोजतं. कुठलं पान किती वेळा उघडलं, किती वाजता, संपलं. कोणी उघडलं ते त्याला माहीतच नसतं.”

“मग त्याचा उपयोग काय ओ?” अध्यक्ष बापूसाहेब औंधकर म्हणाले. त्यांची लाकडाची वखार होती आणि जगातली सगळी उदाहरणं ते तिथूनच द्यायचे. “वखारीत वीस माणसं आली म्हणून सांगितलं तर मी काय करू? कोण आलं ते कळाय पाहिजे.”

“आणि तिसरं?” सरांनी विचारलं.

तिसरं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. खरं सांगायचं तर ते दाखवून यांचे डोळे दिपवायचे म्हणून मी आठवडाभर आधीच वेबसाइटवर ते बसवून ठेवलं होतं. ते टूल येणाऱ्याचा चक्क सिनेमा काढायचं. त्याचा बाण पडद्यावर कुठून कुठे गेला, कुठे थांबला, कुठला फोटो मोठा केला, सगळं जसंच्या तसं. साठलेल्यांतलं हाताला आलं ते एक रेकॉर्डिंग मी लावलं.

भिंतीवर आमची वेबसाइट उघडली आणि बाण हलायला लागला. हळू हलत होता. मुखपृष्ठावर जरा घुटमळला, वधूंच्या विभागापाशी गेला, तिथून मागे फिरला आणि ‘पुनर्विवाह’ विभागात शिरला. एक स्थळ उघडलं. बाण खाली आला, परत वर गेला, एका ओळीवर कितीतरी वेळ थांबला. मग एकदम सगळं बंद.

“घाबरलं की ओ!” बापूसाहेब म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. ते मी लपवणार नाही.

“कोण हो ही?” दुसऱ्या एका सभासदांनी विचारलं. ती ‘ही’ आहे हे त्यांना कशावरून कळलं, देव जाणे.

पाच जणांच्या कार्यकारिणीत बाई एकच होत्या, इंदुताई मिरजकर. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्या हसल्या नव्हत्या. “जिचं आहे तिला ठाऊक आहे का, आपण बघतोय ते?” त्यांनी मला विचारलं.

“इंदुताई, भेटवहीत सही करतातच की लोक,” सर म्हणाले.

“सही माणूस स्वतःच्या हातानं करतं, सर.”

तेवढ्यात चहा आला. सरांनी कप बाजूला ठेवून मला विचारलं, “शलाका, यात प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक दिसेल असं करता येईल का गं? म्हणजे भेटवहीचंच काम झालं.”

“येईल की सर,” मी म्हणाले. “करते मी.”

तिसरं टूल घ्यायचा ठराव चार विरुद्ध एक असा झाला.

तीनेक आठवड्यांनी मी मेळाव्याचे फोटो चढवायला मंडळात गेले. सर कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि टूलमधलं बघून बघून भेटवहीत उतरवून घेत होते. पट्टीनं रकाने आखलेले. क्रमांक, दिनांक, वेळ, पाहिलेलं स्थळ. सहीच्या रकान्यात प्रत्येक ओळीला त्यांनी वळणदार अक्षरात ‘संगणकाद्वारे’ असं लिहिलं होतं.

“अहो सर, हे सगळं आत साठतंच. वहीत कशाला उतरवताय?”

“कॉम्प्युटरचा काय भरवसा? उद्या बंद पडला म्हणजे?”

मला गंमत वाटली. मी वही ओढून बघायला लागले. मधल्या एका ओळीपुढे लाल खूण होती. नोंदणी क्रमांक ३०७, स्थळ पु-४१, तीन वेळा.

“त्यांना कालच फोन लावला,” सर म्हणाले आणि खुर्ची माझ्याकडे वळवून बसले. “खटावकर म्हणून आहेत मिरजेचे. मुलगी केतकी, तेवीस वर्षांची, बी.कॉम. आईनं नोंदवलीय, वडील नाहीत. आणि या नंबरवरनं बघतंय काय? पुनर्विवाहातलं स्थळ! तेसुद्धा एकोणपन्नास वर्षांच्या विधुराचं! याचा अर्थ काय होतो, सांग बघू?”

“काय होतो?”

“मुलीचं आधी काहीतरी होऊन मोडलंय आणि ते मंडळापासून लपवलंय. फॉर्मवर संपर्कासाठी तिच्या काकाचं नाव होतं. सरळ त्यांनाच विचारलं, मुलीचं पहिलं लग्न झालंय का म्हणून.”

“सर!”

“अगं, ओरडतेस काय? त्या मुलीचं कोल्हापूरच्या लोकांशी जमत आलंय, माझ्याच मध्यस्थीनं. उद्या फसवणूक निघाली तर मी तोंड कुठं लपवू? त्यांच्याही कानावर घालून ठेवलं. समोरच्या पार्टीला अंधारात ठेवून चालत नाही.”

आठवीत अवघड उदाहरण सुटलं की खडू खाली ठेवून ते आमच्याकडे बघायचे, तसेच ते आत्ता बघत होते.

“सर, ते लॉगिन आईनं केलंय. आईनं उघडलं असेल.”

“आई कशाला उघडेल पुनर्विवाह?” सरांनी विचारलं.

ते अगदी मनापासून विचारत होते. दहा वर्षं लोकांची लग्नं जमवणाऱ्या या माणसाच्या डोक्यात ती शक्यता शिरायलाच तयार नव्हती. मला त्यांचा तेव्हा जेवढा राग आला तेवढा नंतर कधी आला नाही, आणि नंतर रागवायला पुष्कळ कारणं मिळाली.

“चुकून उघडलं गेलं असेल,” मी म्हणाले.

“एकदा उघडलं तर चूक म्हणू. चूक तीनदा होत नाही, शलाका.”

चौथ्या दिवशी दुपारी माझ्या गाळ्याच्या दारात स्कूटी थांबली. चाळिशीच्या पुढच्या एक बाई आत आल्या. हातातल्या पिशवीतून घडी केलेला पांढरा कोट डोकावत होता.

“शलाका तुम्हीच का? मी हेमांगी खटावकर. तीनशे सात.”

त्यांनी आपला नंबर सांगितला तेव्हा मी उभीच राहिले. “बसा ना, काकू.”

“बसायला वेळ नाही. मिरजेच्या एका लॅबमध्ये असते मी, रक्त तपासायला. एक ते दोन सुट्टी असते, तेवढ्यात जाऊन यायचंय.” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “माझा व्हिडिओ आहे म्हणे तुमच्याकडं?”

“तसा व्हिडिओ नाही तो. तुमचा चेहरा नाही त्यात. नुसता बाण हलताना दिसतो.”

“दीर म्हणतात, तो मंडळाकडनं मागवून घेतो आणि सगळ्या पाहुण्यांना दाखवतो. म्हणून आले.”

“पण झालं काय?”

त्या बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. “परवा घरात सगळे जमले होते. दीर, जाऊ, सासूबाई. कोल्हापूरची चार माणसं बोलावून घेतलेली. मला मध्ये बसवलं आणि विचारलं, पोरीचं काय लपवलंय? केतकी दाराला धरून उभी. तिला काही कळेनाच, काय चाललंय ते. पोरीचं नाव जातंय म्हटल्यावर मी काय करणार होते? सांगून टाकलं. ती नाही, मी बघत होते म्हटलं. माझ्यासाठी.”

“मग?”

“मग काय. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. जाऊ म्हणाली, लेकीच्या आधी आईलाच घाई. कोल्हापूरची माणसं चांगली, आरडाओरडा केला नाही त्यांनी. एवढंच म्हणाली, मुलगी पसंत आहे आम्हाला, पण विहीणबाईंनी शब्द द्यावा. पुढं कधी असलं काही मनात आणणार नाही असा. देवापुढं नारळ ठेवून द्यावा म्हणाली.”

“आणि तुम्ही दिलात?”

“दिला की. पोर समोर उभी होती.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मनात आणणार नाही! माणसाच्या मनावर नारळ ठेवणारे हे कोण? मी तावातावानं बोलायला लागले. हा कुठला न्याय, म्हणाले. तुमचे यजमान जाऊन किती वर्षं झाली, असं विचारलं. अकरा, त्या म्हणाल्या. मग अकरा वर्षं तुम्ही कमवून मुलीला शिकवलंत तेव्हा हे दीर कुठे होते, मी येते तुमच्याबरोबर, बघतेच त्यांच्याकडे, असं बरंच काही.

हेमांगीकाकूंनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, “ओरडू नका. मला एक सांगा. हे आपोआप होतं का? वेबसाइट म्हटली की सगळीकडं असं टिपतातच का?”

सुटका करून घ्यायला जागा होती. ‘हो, होतंच तसं’ म्हटलं असतं तर त्यांना खरं वाटलं असतं, आणि घरी जाऊन त्यांनी मंडळाला आणि नशिबाला बोल लावला असता. पण ते टूलसुद्धा आपण होऊन कोणाचा नंबर दाखवत नव्हतं. त्यानं ती सोय बंदच ठेवलेली होती. ती चालू करायला एका चौकोनात खूण करावी लागायची आणि चौकोनाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की आधी येणाऱ्या माणसाची परवानगी घ्या. मी ते वाचलं होतं. वाचून, पुढच्या कामाची घाई होती म्हणून, खूण करून टाकली होती. सरांची लाल पेन्सिल सगळ्यांना दिसत होती. पहिली खूण माझी होती.

“नाही,” मी म्हणाले. “आपोआप होत नाही. मी चालू केलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्या म्हणाल्या, “बघू तरी, काय दिसतं ते.”

मी रेकॉर्डिंग लावलं. बैठकीत लावलं होतं, तेच; खूण केल्यावर आधीच्या रेकॉर्डिंगवरही नंबर आले होते. बाण हळू हळू पुनर्विवाहात गेला, पु-४१ उघडलं, खाली आला, वर गेला आणि एका ओळीवर थांबला. त्या दिवशी भिंतीवर ती ओळ आम्ही कोणीच वाचली नव्हती. ‘आवड : पहाटे रेडिओ ऐकणे, परसात भाजी लावणे.’ बाण तिथून हलेना. चार मिनिटं तसाच होता.

“एवढंच बघत होते,” हेमांगीकाकू म्हणाल्या. “मला काही त्यांना फोन करायचा नव्हता. लग्न-बिग्न लांबच राहिलं. हे गेल्यापासून आमच्या घरात रेडिओ लागत नाही हो. सासूबाईंना चालत नाही. डबा खाता खाता लॅबच्या कॉम्प्युटरवर मी नुसतं मनात आणून बघत होते, सकाळी जाग आली आणि घरात रेडिओ लागलाय.” त्यांनी पिशवीचे बंद हाताला गुंडाळले आणि सोडवले. “कुणाचं काही घेतलं होतं का मी? बघायचं पण नाही का माणसानं?”

मी रेकॉर्डिंग थांबवलं.

“पुसा ते,” त्या म्हणाल्या.

मी तिन्ही रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर पुसली. परत येत नाहीत ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग घड्याळ पाहिलं, पावणेदोन झाले म्हणाल्या आणि गेल्या.

त्या गेल्यावर मी बाकीची पुसायला घेतली. मंडळाला विचारायचं वगैरे माझ्या मनातही आलं नाही. नंबर बघायचा नाही, आत बघायचं नाही, नुसतं पुसायचं, असं ठरवून बसले होते. शेवटी शेवटी एका रेकॉर्डिंगवर नंबर नव्हता. तिथे ‘मंडळ’ असं लिहिलं होतं. कार्यकारिणीच्या पाचही जणांना मिळून एकच लॉगिन होतं, त्याचं हे. ते मात्र मी उघडून पाहिलं, आणि पाहिल्यावर पुसलं नाही.

पुढच्या रविवारी बैठकीत पहिलाच विषय हेमांगीकाकूंच्या दिराचा अर्ज हा होता. ‘सदर चित्रफीत कुटुंबाच्या माहितीसाठी मिळावी.’ सरांनी तो वाचून दाखवला.

“देऊन टाका की,” बापूसाहेब म्हणाले. “आपला कारभार कसा, पारदर्शक आहे.”

“ती मी पुसली,” मी म्हणाले.

“पुसली? कुणाला विचारून?”

“जिची होती तिला विचारून.”

एकच गलका झाला. सर दुखावल्या आवाजात म्हणाले, “शलाका, मंडळाच्या दप्तराला असा परस्पर हात लावायचा नसतो. माझ्या हातून शिकलीस तू.”

“एक शिल्लक आहे, सर. तेवढी बघून घेऊ या, मग मला काय बोलायचं ते बोला.”

मी प्रोजेक्टर लावला. भिंतीवर बाण आला. हा बाण हळू नव्हता. मुखपृष्ठ ओलांडून थेट वधूंच्या विभागात गेला, वयाच्या रकान्यात एकवीस ते पंचवीस भरलं आणि फोटो मोठे करायला लागला. एक मोठा केला, मिटला. दुसरा मोठा केला.

“हा कोण एवढा घाईला आलेला नवरदेव?” बापूसाहेब म्हणाले आणि दोघे-तिघे हसले.

तिसरा, चौथा, पाचवा. शिक्षण, गाव, पत्रिका, कशावरही बाण जात नव्हता. एका मुलीचा फोटो मोठा करून आणखी मोठा केला आणि वरून खाली आणला. सहावा. सातवा. दहाव्या फोटोनंतर कोणीतरी पडद्याच्या कोपऱ्यातलं वाचलं असावं, कारण हसणं थांबलं. तिथे ‘लॉगिन : मंडळ’ असं होतं.

मी रेकॉर्डिंग चालू ठेवलं. त्या मुलींपैकी निम्म्या आमच्या ओळखीच्या होत्या. एक माझ्या शेजारची होती, तिच्या बाबांनी मोठ्या विश्वासानं फोटो आणून सरांच्या हातात दिला होता. चहाला कोणी हात लावला नाही. एका सभासदांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच बसले. बापूसाहेब खिडकीबाहेर बघत होते. सर भिंतीकडे बघत नव्हते, समोरच्या भेटवहीकडे बघत होते.

“हे लॉगिन तुम्हा पाच जणांकडं आहे,” मी म्हणाले. “कुणाच्या कॉम्प्युटरवरनं झालंय ते टूलमध्ये दिसतं. काढू?”

“काढ,” इंदुताई म्हणाल्या. “काढ गं बाई. माझा असला तर माझा निघेल.”

“कशाला, कशाला,” बापूसाहेब घाईघाईनं म्हणाले. “वाढवायचं कशाला आता? चुकून झालं असेल कुणाचं तरी.”

“एक्केचाळीस फोटो आहेत, बापूसाहेब. आणि चूक तीनदासुद्धा होत नाही, असं सरांनीच मला सांगितलंय.”

सरांनी मान वर केली नाही. ठरावाची वही ओढून लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिताच वाचलं, तिसरे टूल तात्काळ बंद करावे, त्यातील सर्व नोंदी नष्ट कराव्यात, दुसरे टूल बसवावे, खटावकरांचा अर्ज दप्तरी दाखल करावा. सूचक, अनुमोदक, एकमत. महिन्यापूर्वी या लोकांनी भडंगाच्या तीन बशा संपेपर्यंत खल केला होता. या वेळी दोन मिनिटं पुरली.

“आणि हेमांगीकाकूंचा शब्द?” मी विचारलं. “कोल्हापूरला फोन करून सांगा, सर, चूक आपली होती म्हणून. त्यांना त्या शब्दातनं मोकळं करा.”

“शब्द त्यांनी स्वतः दिलाय,” सर म्हणाले. “त्यात मंडळ काय करणार?”

इंदुताई वहीवर सही न करताच उठून गेल्या. मीही प्रोजेक्टर उचलला. तो कॉम्प्युटर कोणाचा होता ते मी काढलं नाही. भिंतीसमोर बसलेल्या त्या चार पुरुषांपैकी ज्याचा असेल त्यानं, आणि ज्यांचा नसेल त्यांनीही, काही दिवस अन्न गोड न लागता काढावेत अशी माझी इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मी मोठ्या उत्साहानं हेमांगीकाकूंना फोन केला आणि बैठकीचा सगळा किस्सा रंगवून सांगितला. त्या हसतील असं वाटलं होतं.

“त्या माणसाला ठाऊक होतं का, तुम्ही बघताय ते?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“हं,” त्या म्हणाल्या. “सुट्टी संपत आली माझी, ठेवते.” आणि खरंच ठेवला.

दुसरं टूल मी बसवलं. नुसतं मोजणारं. दर सोमवारी सकाळी गाळा उघडला की मी ते बघायची. वधू विभाग, वर विभाग, मेळावा, सगळं पहिल्यासारखंच चाललं होतं. पुनर्विवाह विभागात पूर्वी आठवड्याला चाळीस-पन्नास भेटी व्हायच्या. त्या आठवड्यात तीन झाल्या. पुढच्या आठवड्यात शून्य.

मंडळात कोण काय बघतं ते घरी कळतं, ही बातमी मिरजेपासून विट्यापर्यंत गेली होती. बातमी पोचते, ठराव पोचत नाही. मी त्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं, ‘येथे कोण आले याची नोंद होत नाही.’ कोण विश्वास ठेवणार? मी तरी ठेवला असता का? केतकीचं लग्न झालं, पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि दर सोमवारी तिथे शून्य. त्या शून्यात चाळीस-पन्नास माणसं होती. कुठेतरी डबा खात, मोबाइल पालथा ठेवून बसलेली. ज्यांनी त्यांना घालवलं ते मंडळात मेळाव्याचे हारतुरे घेत होते, आणि मला त्या शून्याचा इतका संताप यायचा की एकदा मी टेबलावर मूठ आपटून काच फोडली.

चौदा महिन्यांनी एका सोमवारी तिथे एक होता.

मी खुर्ची पुढे ओढली. पुनर्विवाह विभाग, भेटी एक. उघडलेलं स्थळ पु-४१. वेळ, दुपारी एक ते दोन.

एवढंच. खरं सांगते, माझा हात आपोआप पुढे गेला. नंबर कुठे दिसतो, गाव कुठे दिसतं, मोबाइल कुठला, मी एकेक पान उलटून शोधलं. त्या टूलमध्ये तसली सोयच नव्हती. म्हणून तर ते घेतलं होतं. मिरजेच्या लॅबचा नंबर माझ्याकडे होता. काही न बोलता नुसता ‘हॅलो’ ऐकला असता तरी आवाजावरून मला कळलं असतं. मी फोन उचलला, आणि खाली ठेवला.

पुढच्या सोमवारी पु-४१ पुढे परत एक होता. त्याच्या पुढच्या सोमवारीही एक. दुपारी एक ते दोन.

तिसऱ्यांदा. मंडळात भेटवही होती, सर होते, लाल पेन्सिल होती, आणि यातलं कोणालाही काही कळलं नाही. ते कोण होतं हे मलाही आजपर्यंत माहीत नाही. मी कोणालाही फोन लावला नाही.